गौरीच्या निऱ्या कुणी घालायच्या?

प्रिय बाय,

तुझं चार पानी पत्र दोनदा वाचलं. सदर वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून पत्रातली हकिकत, नाव-गाव वगळून, आधी सांगते.

पत्र लिहिणारी दापोली तालुक्यातल्या एका वाडीची माहेरवाशीण. घर कुणब्यांचं. सासर खेडला, स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ मुंबईत हार्ट अटॅकने गेला. वहिनी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन गावी सासूजवळ राहायला आली. लग्न झाल्यापासून अकरा वर्षं दर गणपतीत घरची गौर हीच वहिनी सजवत होती. तेरड्याच्या गौरीला साडी नेसवून निऱ्या अशा बसवायची की वाडीतल्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. गेल्या वर्षी तिने साडीची घडी मोडली आणि सासू म्हणाली, "तू नको हात लावूस आता." गौरीपुढे वाण ठेवायची ओवशाची सुपं भरली, हळदीकुंकू झालं, फुगड्या झाल्या. वहिनी मागल्या पडवीत घावने काढत बसली होती. पत्र लिहिणारीला राहवलं नाही, बायकांसमोरच ती आईला बोलली. आई तिथेच म्हणाली, "बावीस वर्षं मी मागल्या पडवीत बसले. मला काय गौर नको होती?" दुसऱ्या दिवशी गावकीतले एक जण ओटीवर येऊन सांगून गेले, हे पूर्वापार आहे, असले प्रकार केलेत तर शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी तुमच्या दारात थांबायची नाही. आणि त्या रात्री उशिरा शेजारची काकी मागच्या दाराने आली, ओवशातला नारळ वहिनीच्या ओटीत घातला आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

पत्राच्या शेवटी माहेरवाशिणीने लिहिलंय: "मावशी, घराघरात पदवीधर आहेत, हातात मोबाईल आहेत, तरी माणसं अशी वागतात. माणसाचा स्वभावच असा असेल तर सुधारणा होते तरी कशी? यंदा मी भांडू की गप्प बसू?"

बाय, उत्तर द्यायच्या आधी माझं एक सांगते. हे मी आजवर फार जणांना सांगितलेलं नाही.

लग्न होऊन मी गुहागरला आले त्याच्या पहिल्या चैत्रातली गोष्ट. हळदीकुंकू होतं. माझ्या चुलत सासूबाई, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, पहाटे उठून कैऱ्या किसत बसल्या होत्या. आंब्याची डाळ त्यांची, पन्हं त्यांचं, चैत्रगौरीपुढची आरास त्यांची. संध्याकाळी बायका ओळीने बसल्या. करंडा माझ्या हातात. एकेकीला कुंकू लावत मी माजघराच्या दारापर्यंत आले. उंबऱ्याच्या आत काकू पन्ह्याच्या पेल्यांचं ताट धरून उभ्या. माझ्या बोटाला कुंकू होतं. मी काकूंकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे पाहिलं. मग ओळीतल्या बायकांकडे पाहिलं. आणि बोट पदराला पुसलं. काकूंनी ते पाहिलं आणि ताट पुढे केलं.

तेव्हा मी बी.एड. झालेली होते. काकूंना कुंकू लावल्याने कुणाचं काही वाईट होईल असं मला तसूभरही वाटत नव्हतं. तरी बोट थांबलं. काकू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, पावसाळ्यातल्या एका दुपारी वाल सोलता सोलता सासूबाई आपणहून म्हणाल्या, "तू त्या दिवशी लावशील असं मला वाटलं होतं. लावलं असतंस तर मी काही बोलले नसते." त्या माझी वाट बघत होत्या आणि मी त्यांची. मधल्या मध्ये एक बाई तीस वर्षं उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

म्हणून तू विचारतेस त्या स्वभावाबद्दल मला जे कळलं ते असं. आपली माणसं दुष्ट असतात म्हणून वाईट चाल टिकते, असं फार कमी वेळा होतं. ती टिकते कारण आपण सगळे आधी बाजूच्याच्या तोंडाकडे बघतो. माणसाला माणसांत राहायचं असतं. कोकणात तर जास्तच. डोंगरउतारावर चार घरांची वाडी, मध्ये वहाळ, पावसाचे चार महिने. शाकारणीला माणूस लागतो, लावणीला लागतो, मयताला खांदा लागतो. तिथे "वाळीत टाकू" या शब्दाची भीती हाडात जाऊन बसलेली असते, आणि मी तिला भेकडपणा म्हणणार नाही. वाळीत पडलेल्या घराचं काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला ती भीती कळते.

पण याच स्वभावाची दुसरी बाजू बघ. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक म्हाताऱ्या आजी होत्या. विधवेने नेसायचं लाल आलवण, डोक्यावरून पदर, आत केस काढलेले. मी भिऊन त्यांच्या वाटेला जायची नाही. आज कोकणातल्या कुठल्याही गावात जा आणि ब्राह्मण घरातल्या अगदी कडक माणसाला सांग की तुमच्या विधवा सुनेचे केस काढा. तो तुझ्या अंगावर धावून येईल. त्याच्या पणजोबाला मात्र ते न केलं तर पाप वाटत होतं. पणजोबा आणि पणतू यांचा स्वभाव काही वेगळा नाही. दोघेही चारचौघांत जे शोभेल तेच करतात. मधल्या काळात काय शोभतं ते बदललं, आणि ते कुणीतरी, बऱ्याचदा स्वतःच्या अंगावर घेऊन, बदललं.

कसं बदललं याचा एक धागा मुंबईचा आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तिथल्या नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. शास्त्रार्थ करणारे पंडित दोन्ही बाजूंना होते, वर्तमानपत्रांत रकाने भरत होते. या माणसांनी वाद घातलाच नाही. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवला. कुठलीही रूढी शेवटी कुणाच्या तरी हातांनीच चालते. तुझ्या घरच्या गौरीचे हात मोज: सूप भरणारी, करंडा फिरवणारी, "नको हात लावूस" म्हणणारी, आणि पडवीत जाऊन मुकाट बसणारी. यातला कुठला हात थांबू शकेल ते बघायचं.

आता तुझ्या तालुक्यातली गोष्ट. मुरूडचे धोंडो केशव कर्वे. १८५६ सालीच विधवाविवाह कायदेशीर झाला होता. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ च्या मार्चमध्ये, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या माणसाने देवरुखच्या गोदूबाई जोशींशी लग्न केलं. गोदूबाईंचं पहिलं लग्न आठव्या वर्षी झालेलं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेलं. नवरा-बायको मुरूडला आले तेव्हा गावाने सभा घेऊन बहिष्कार घातला. घरच्यांनी थारा दिला तर घरच्यांवरही बहिष्कार. ज्याने गावाच्या भल्यासाठी मुरूड फंड उभा केला होता, त्याच्यावर हा बहिष्कार. कायदा ३७ वर्षांचा जुना होता आणि गावाला त्याचं काही नव्हतं. पुढे १९५८ साली त्याच अण्णा कर्व्यांना, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. आज मुरूडची ओळख लोक कर्व्यांचं गाव अशी अभिमानाने सांगतात.

ही गोष्ट आपण शाळेत शिकवतो आणि इथे थांबतो. मी तुला थोडी पुढे नेते, कारण तुझ्या प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे. कर्वे पुण्याला परत गेले. आई आणि भाऊ मुरूडला राहिले. विहिरीवर, देवळात, लग्नकार्यात रोज लोकांच्या नजरा झेलायच्या त्या त्यांनी. कर्व्यांचं मोठेपण मला ठाऊक आहे आणि ते कणभरही कमी करायचं नाही. पण सुधारणेचं बिल नेहमी सुधारकाच्याच नावावर फाटत नाही. पुष्कळदा ते त्याच्या घरातल्या अशा बाईच्या नावावर फाटतं जिला कुणी विचारलेलंच नसतं.

तू दीड दिवस किंवा पाच दिवस माहेरी राहशील आणि एस.टी.ने खेडला जाशील. आई आणि वहिनी वाडीत राहतील. गेल्या वर्षी तू सगळ्यांसमोर बोललीस ते मनापासून होतं, मला ते समजतं आणि आवडलंही. पण त्यानंतर वर्षभर दळणाला, पाण्याला, रेशनला जाताना काय काय ऐकावं लागलं ते तुझ्या पत्रात नाही. तुला कुणी सांगितलं नसेल.

म्हणजे गप्प बस असं मी म्हणते का? अजिबात नाही. मी गप्प बसले होते, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय. मी म्हणते, तुझ्या बोलण्याची किंमत ज्यांना मोजावी लागणार त्यांना आधी बरोबर घे.

कर्व्यांनीसुद्धा पुढे हेच केलं असं मला वाटतं. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. स्वतः पुनर्विवाह केलेला माणूस, पण आश्रमाचं काम त्यांनी शिक्षणापुरतं ठेवलं, पुनर्विवाहाच्या चळवळीशी ते जोडलं नाही. घाबरलेल्या बापांनी निदान मुली पाठवाव्यात म्हणून. कडवे सुधारक याला कच खाणं म्हणतील. मला ते तसं वाटत नाही. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याच संस्थेसाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या, आणि त्यातली कितीतरी वर्षं स्वतः केशवपन केलेल्या. पुढे त्यांनी ते सोडलं. आपल्या डोक्यावरच्या पदराने समोरच्या घराचं दार उघडतंय हे त्या बाईला कळत होतं. ती तडजोड किती जड गेली असेल, याचा विचार केला की माझ्या घशाशी काहीतरी येतं.

बरं, गावकीतले ते गृहस्थ म्हणाले "पूर्वापार". इथे मला थोडं भांडायचंय. कुणब्यांत, भंडाऱ्यांत आणि कोकणातल्या कितीतरी जातींत नवरा गेलेल्या बाईचा पाट लागायचा. म्होतूर म्हणायचे त्याला कुठे कुठे. बाई पुन्हा संसाराला लागायची, गाव जेवायचं. विधवेचा पुन्हा विवाह नाही, ही कडक चाल मुख्यतः ब्राह्मणांची आणि त्यांच्यासारख्या वरच्या म्हणवणाऱ्यांची होती. मी ब्राह्मणाच्या घरातली आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिणं माझं काम आहे. पुढे बऱ्याच जातींनी, आपल्यालाही वरचं म्हणावं म्हणून, पाट लावणं कमी केलं आणि विधवेची बंधनं वाढवली. म्हणजे जी गोष्ट तुमच्याकडे "पूर्वापार" म्हणून मिरवतात, तिच्यातला बराच भाग आमच्या माजघरातून उसना आणलेला आहे. सुधारणा ही चढणीची एकच वाट नसते, बाय. समाज मागेही जातो, आणि मागे जाताना आपण वर चाललोय असं त्याला वाटत असतं. आईला हे सांग. भांडून नको, गोष्ट म्हणून सांग. वाडीतल्या एखाद्या जुन्या जाणत्या म्हातारीला विचार, कुणाच्या पणजीचा पाट लागला होता. बहुतेक नाव निघेल.

तू शिक्षिका आहेस, म्हणून आणखी एक सांगते. महाडच्या चवदार तळ्याचं वर्ष तू मुलांकडून पाठ करून घेतेस, २० मार्च १९२७. त्याच्या मागची-पुढची वर्षंही सांगत जा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण त्या ठरावाने कुणाचे ओठ ओले झाले नाहीत. डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळ भरली तेव्हा पाणी मिळालं. त्यानंतर मारहाण झाली, तळं "शुद्ध" करून घेतलं गेलं, आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. तळ्यावर जाऊ न देणारे आपापल्या घरात प्रेमळ बाप असतील, शेजाऱ्याच्या आजारपणात जागणारे असतील. त्यांची माया खरीच होती, फक्त तिचं कुंपण अलीकडे होतं. आणि कुंपणाच्या आतल्याच काही माणसांनी, नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारख्यांनी, त्या दिवसांत आपल्या जातवाल्यांचा राग ओढवून घेऊन साथ दिली.

हे वाचून तू मान डोलावशील, म्हणून विचारते. तुमच्या गणपतीला बौद्धवाडीतलं कुणी आलं तर ओटीवर बसतं की अंगणातूनच जातं? तू तळमळतेस तो अन्याय खरा आहे. पण तुझ्या नजरेलाही कुंपण असेल, माझ्या आहे. मला ते प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणीतरी दाखवावं लागलंय.

आता यंदाचं. गणपतीला अजून अडीच महिने आहेत, आणि ते पुरेसे आहेत.

आईपासून सुरुवात कर. तिचं ते वाक्य, "मला काय गौर नको होती?", तुला कडवट वाटलं. मला त्यात बावीस वर्षांचं रडू ऐकू आलं. आपण जे सोसलं ते गरजेचं होतं, त्याने घराचं काहीतरी राखलं, हा एकच आधार तिच्यापाशी उरलाय. सुनेला ते सोसावं लागलं नाही तर तिच्या बावीस वर्षांचा अर्थ काय राहिला? ती फुकट गेली का? सोसलेल्या माणसाच्या हातूनच तेच पुढे दिलं जातं ते या भीतीने. सासवांचं, रॅगिंग केलेल्या पोरांचं, मार खाल्लेल्या मास्तरांचं सगळ्यांचं असंच होतं. म्हणून तू वहिनीची बाजू घेऊन आईशी भांडलीस की आईला ऐकू येतं, हिचं दुःख दुःख आणि माझं काहीच नाही.

तर वहिनीचा विषय बाजूला ठेव आणि आईला तिचं विचार. दुपारी जेवणं झाल्यावर, दोघीच असताना. बाबा गेले त्या वर्षी गौरीला तू कुठे बसली होतीस? कोण काय म्हणालं? ओवसा कुणी घेतला? हे तू तिला बावीस वर्षांत कधी विचारलं होतंस का? मीही माझ्या काकूंना विचारलं नव्हतं. तिला बोलू दे, रडली तर रडू दे, मध्ये उपदेश करू नकोस. आणि मग, त्याच दिवशी नाही, चार-आठ दिवसांनी फोनवर म्हण, "आये, यंदा गौरीचं पहिलं कुंकू मी तुला लावणार." वहिनीला नंतर, आईला आधी. तिने नाही म्हटलं तर पुन्हा विचार. गौरीच्या दिवशी अचानक बोट पुढे करून तिला कोंडीत पकडू नकोस. चारचौघांत माणूस आपल्या मनाचं बोलत नाही, लोकांच्या मनाचं बोलतो.

दुसरी ती काकी. बाय, तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी ती आहे आणि तू ती दोन ओळींत संपवलीस. जी बाई रात्री मागच्या दाराने ओवशाचा नारळ घेऊन येते, तिचं मन कधीच बदललेलं आहे. अडलंय ते फक्त पुढच्या दाराचं. अशी वाडीत ती एकटी नसणार. पण प्रत्येकीला वाटतंय की असं वाटणारी मी एकटीच, जसं मला आणि माझ्या सासूबाईंना वाटत होतं. पहिलं पाऊल टाकणाऱ्याला गाव वेडा ठरवतं. दुसरा माणूस शेजारी येऊन उभा राहिला की ती "त्या दोघांची पद्धत" होते, आणि चौथ्या-पाचव्यानंतर लोक म्हणायला लागतात, आमचं काही म्हणणं नव्हतंच कधी. तुला सगळा गाव पालटायचा नाही. तुला पाच बायका हव्यात, ज्यांना एकमेकींचं मन आधी माहीत आहे. काकीच्या घरी जा, चहा घे, सरळ विचार: काकी, यंदा दिवसा येशील का? ती म्हणेल, आणखी कोण येतंय. तिथून पुढचं नाव तीच सांगेल. हे काम व्हॉट्सॲपवर करू नकोस. तिथे सगळे पुन्हा एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतील.

पुरुषांना सोडू नकोस. चाकरमानी गणपतीला येतात, मुंबईत त्यांच्या ऑफिसात विधवा सहकारी असतात, त्यांच्याशी ही माणसं नीटच वागतात. गावच्या वेशीच्या आत आली की गावकीची होतात. तुझे चुलत भाऊ असतील त्यांच्याशी आधी फोनवर बोल. ओटीवर कुणी बोलायला आलं तर उत्तर द्यायला ओटीवर बसणारा माणूस लागतो, आपल्याकडे अजून तरी.

पालखीच्या धमकीबद्दल. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा आहे आणि ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. कोकणातल्या, विशेषतः रायगडच्या, वाळीत टाकण्याच्या प्रकरणांमुळेच तो करण्याची निकड पुढे आली होती. एखाद्या कुटुंबाला धार्मिक किंवा सामाजिक कार्यात भाग घेण्यापासून अडवणं, त्यासाठी बैठक भरवणं, हे त्यात गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. हे माहीत असू दे, तारीख-वार लिहून ठेव, कोण काय बोललं तेही. पण तो कागद पहिल्याच दिवशी ओटीवर आपटू नकोस. पोलिस केस झाली की वाडी दोन तटांत फुटते आणि काकीचं दिवसा येणं आणखी दहा वर्षं लांबतं. खरोखर वाळीत टाकलंच, पाणी-दळण तोडलं, तर मात्र मागेपुढे बघू नकोस. सरळ पोलिस ठाण्यात जा, आणि मला कळव.

त्यापेक्षा आधी ग्रामसभेचा रस्ता धर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. ठरावाने मनं पालटत नाहीत हे महाडने दाखवलंय. पण ठरावाने एक होतं. ज्यांना करायचंय आणि हिंमत नाही, त्यांना म्हणता येतं, "आम्ही कुठे काय केलं, पंचायतीचाच ठराव आहे." इतक्याशा आडोशाने पुष्कळ माणसं चांगली वागू शकतात. असा आडोसा मिळवून देणं, हे मोठं काम आहे.

आणि शेवटचं, खरं तर सगळ्यात आधी करायचं. तुझ्या चार पानांत आई बोलते, गावकीतले ते गृहस्थ बोलतात, तू तर बोलतेसच. काकी न बोलताही सगळं सांगून जाते. वहिनीचं एकही वाक्य नाही. घावने काढताना ती काय म्हणाली? नारळ ओटीत पडल्यावर काय म्हणाली? तिला कुंकू हवंय का, तिला नवऱ्याच्या आठवणीने ते नको आहे का, की तिला कुंकवाचं काहीच नाही आणि फक्त त्या निऱ्या घालायच्या आहेत, हे आपल्याला, तुला आणि मला, माहीत नाही. तिच्यासाठी भांडायला निघालेल्या आपण दोघी, आणि आपणही तिला विचारलेलं नाही.

आज शाळेतून आलीस की तिला फोन कर. भाचीच्या अभ्यासाचं, पावसाचं बोलून झालं की विचार, यंदा गौरीची साडी कुठल्या रंगाची घ्यायची.

तुझी,
मावशी